शब्दचर्चा: शॉम म्हणजे बासरी नव्हे

प्रश्न: एका इंग्रजी कवितेतला मेंढपाळ 'शॉम' वाजवतो. मराठीत 'बासरी' लिहू की 'पावा'?

उत्तर: कृपा करून दोन्ही नको! बासरीत नुसती फुंकर भोकाच्या कडेवर आपटून सूर निघतो. शॉम या जुन्या युरोपीय वाद्याच्या तोंडाशी बोरूच्या दोन पातळ पत्त्या बांधलेल्या असतात, त्या थरथरतात आणि पुढे पसरट होत गेलेल्या लाकडी नळीतून किंचित नाकातला, रानभर पोचणारा आवाज येतो. बासरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे यमुनाकाठ येतो, आणि युरोपातला तो मेंढपाळ हरवतो.

शब्दाचं मूळ तर फार गोड आहे. लॅटिन 'कालामुस' म्हणजे बोरू. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'शालमी' आणि तिथून इंग्रजीत 'शॉम'. लॅटिन शब्द मुळात ग्रीक 'कालामोस'. तोच ग्रीक शब्द अरबीत 'कलम' झाला आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. बोरू तिरपा छाटला तर लेखणी, त्याच्या पत्त्या तासल्या तर वाद्य! आंब्याचं कलमही याच घरातलं.

प्रश्न: मग सरळ 'सनई' का नको? जात तर तीच.

उत्तर: जात तीच, म्हणून समजावताना 'सनईसारखं' जरूर म्हणा. पण कवितेत 'सनई' आली की लगेच मांडव उभा राहतो. मी 'शॉम' तसाच ठेवीन. मात्र मूळ कवितेत ओट या धान्याच्या काडीचं वाद्य असेल, तर बेधडक 'पिपाणी' लिहा. रोमन कवी व्हर्जिलच्या पहिल्याच गोपगीतात तितिरुस नावाचा गुराखी झाडाच्या सावलीत पडून 'अवेना' वाजवतो, आणि अवेना म्हणजे ओट. हिरव्या पोकळ काडीला चीर दिली की ती चिरलेली जीभच पत्तीचं काम करते. शेताच्या बांधावर पोरं करतात ती पिपाणी याहून वेगळी नाही.

गुराख्यांशी असलेलं हे नातं पुढे वाद्यवृंदातही टिकलं. शॉमपासून ओबो हे पत्तीचं वाद्य झालं, आणि ओबोच्याच घराण्यात त्याहून खालच्या सुराचं कोर आंग्ले. फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या 1830 च्या 'सिंफनी फँटॅस्टिक' या वाद्यवृंद-रचनेत तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला कोर आंग्ले साद घालतं आणि रंगमंचाआडून ओबो उत्तर देतो: दोन गुराखी, दोन टेकड्यांवर. शेवटी पहिला पुन्हा साद घालतो, तेव्हा उत्तराला फक्त ढगांचा गडगडाट येतो. ती साद बासरीची नव्हे, पत्तीच्या वाद्याची आहे.