न्हाणीतला आरसा, गुरुवारच्या आत उत्तर हवंय

प्रेषक: गुहागरची ताई
मंडळी, गुरुवारी रात्रीचं गावी जायचं विमान आहे आणि बॅग उद्याच भरायचीय म्हणून आपल्या मंडळाच्या मेलिंग लिस्टवर पटकन विचारते. मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच गुहागरला येतायत. आमची न्हाणी कशी आहे ते मागच्या मे महिन्यात जे येऊन गेले त्यांना सांगायला नको, चार भिंती, नळ, बादली आणि तो पिवळा बल्ब. तोडफोड नको, टाइल्स नकोत, ह्यांनी आधीच दम दिलाय. रंग, मोठा आरसा, एक फळी, जमल्यास कुंडी, बास. अडलंय आरशावर. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, वर पातळ गिलावा. गेल्या खेपेला भोक पाडलं तर लाल भुगा पडतच राहिला आणि स्क्रूसाठी बसवलेला प्लास्टिकचा प्लग गोल फिरायला लागला. मग गवंड्याने खिळे ठोकले, एका पावसात गंजून भिंतीवर ओघळ. आरसा चार किलोचा आहे. कसा लावू?

प्रेषक: अण्णा
उगाच जांभ्याला नावं ठेवू नका. रत्नागिरीचा थिबा पॅलेस जांभ्याचाच, १९१० पासून उभा आहे. तुमच्या गवंड्याने ड्रिलचा हॅमर चालू ठेवून भोक पाडलं असणार, चिरा सच्छिद्र, तो आतून भुगा होणारच. हॅमर बंद करायचा, प्लगपेक्षा एक नंबर बारीक बिट लावून नुसतं फिरवायचं, भुगा फुंकून काढायचा आणि लांब प्लग घालायचा म्हणजे गिलावा ओलांडून दगडात बसतो. दोन चिऱ्यांच्या सांध्यात मात्र चुकूनही नको. स्क्रू ३१६ स्टीलचे घ्या. दुकानदार ३०४ दाखवून स्टेनलेसच आहे म्हणेल, खाऱ्या वाऱ्यात त्याच्यावर तांबूस डाग येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते टिकतं. हे मी मंडळाच्या वार्षिक सभेच्या वेळीही सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही.

प्रेषक: बंडू
अण्णा, सभेत तुम्ही तंबूच्या खुंट्यांबद्दल बोलत होतात 🙂 ताई, चार स्क्रू इथूनच घेऊन जा, वजन ते किती. नाहीतर सरळ सिलिकॉन लावून चिकटवून टाक, भोक नाही काही नाही.

प्रेषक: वेंगुर्ल्याची सून
बंडूचं ऐकू नकोस गं ताई!! मी तेच केलं होतं. व्हिनेगरसारखा वास येतो ना ते सिलिकॉन, त्याने आरशाची पाठ खाल्ली, कडेने काळं काळं चढत मध्यापर्यंत आलं आणि सासूबाई म्हणाल्या, आरशालासुद्धा बुरशी आणलीस. आरशासाठी न्यूट्रल सिलिकॉन वेगळं मिळतं. पण ते लावूनही काय, गिलावा पोकळ असेल तर आरसा गिलाव्यासकट खाली.
आणि विहिरीच्या पाण्याने फरशीवर तांबूस डाग असतील तर ब्लीच अजिबात नको. ते लोखंडाचे डाग, ब्लीचने उलट पक्के होतात. लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड लाव, पण आधी ब्लीच ओतलं असेल तर नीट धुऊन मगच, दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. आमच्याकडे एकदा सगळे खोकत अंगणात पळाले होते.

प्रेषक: माई (हर्णै)
लिंबू ठीक. पण न्हाणीचं पाणी माडांना जात असेल तर ते बाजारचं जहाल ॲसिड नको, पहिली मुळं जळतील.
ताई, ऑइलपेंट लावू नकोस. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आपल्याकडे, चिरा ओल पितो, ती ओल बाहेर पडायला जागा नाही मिळाली की रंगाला फोड येतात. चुना लाव, ओल बाहेर पडते आणि बुरशीही लवकर धरत नाही. वर किंचित नीळ, खाली कमरेइतका गेरूचा पट्टा, शिंतोडे दिसत नाहीत आणि देखणी दिसते. दोन हात दे, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा.
तांब्याचा बंब आहे ना अजून? चिंचेने घासून कोपऱ्यात ठेव, घंगाळात पंचे गुंडाळून ठेव. त्याच्यापुढे बाकी सजावट फिकी.

प्रेषक: गुहागरची ताई
माई, बंब मोडीत गेला. कोणी दिला ते इथे लिहीत नाही, ते ही लिस्ट वाचतात. घंगाळ आहे.

प्रेषक: अण्णा
फळी आंब्याची असेल तर काजूच्या टरफलांचं तेल लावा. होड्यांना लावतात, वाळवी लागत नाही.

प्रेषक: वेंगुर्ल्याची सून
अण्णा ते तेल हाताला लागलं तर कातडं भाजतं! व्याह्यांच्या हाताला फोड आले म्हणजे झालं.

प्रेषक: बंडू
एक आयडिया. मंडळाच्या गणपतीला शीशमहाल केला होता त्यातले सहा गोल आरसे सजावट समितीच्या खोक्यात पडून आहेत. बारके, हलके. एका मोठ्याऐवजी ते सहा वरखाली लावायचे, भिंत एकदम वेगळी दिसेल.

प्रेषक: सजावट समिती
खोक्यात "पडून" नाहीत, ठेवलेले आहेत. मंडळाचं सामान वैयक्तिक कामासाठी देत नाही. मागे पैठणीचे पडदे कोणाच्या तरी बारशाला गेले ते अजून आले नाहीत.

प्रेषक: खजिनदार
पडद्यांचा विषय इथे नको. आरशांची यादीत नोंद नाही असं मला दिसतंय, म्हणजे ते मंडळाचे आहेत का हाच प्रश्न आहे.

प्रेषक: सजावट समिती
यादी कोणाकडे असते?

प्रेषक: माई (हर्णै)
भांडा नंतर. ताई, न्हाणीवर कौलं आहेत ना? मग वाशांना कपड्यांची दांडी टांगलेली असेल. त्या दांडीला सुतळीने बारके आरसे सोड की, कशाला भोक आणि कशाला प्लग. आणि वरचं एक कौल काढून काचेचं बसव. सकाळी उन्हाचा कवडसा थेट आरशांवर पडेल, तो पिवळा बल्ब दिवसा लावायलाच नको. कुंडीत अंगणातलाच नेचा लाव, पावसात आपोआप वाढतो. मनीप्लांट बाटलीत ठेवलास तर आठवड्याच्या आत पाणी बदल, डास होतात.

प्रेषक: गुहागरची ताई
माई!!! दांडी आहे, आणि मी सहा महिने प्लगच्या मागे. काचेचं कौल आजच गड्याला फोन करून सांगते, पाऊस यायच्या आत चढायला हवा तो. मोठा आरसा इथेच राहू दे. आता सहा आरसे द्या बाबांनो, उद्या संध्याकाळी येऊन नेते, टॉवेलमध्ये गुंडाळून नेईन.

प्रेषक: अण्णा
दांडीची दोरी नायलॉनची घ्या. सुतळी ओलीत कुजते.

प्रेषक: सजावट समिती
देतो. गणपतीच्या पंधरा दिवस आधी परत हवेत, मोजून सहा. आणि पाठी काळ्या झाल्या तर नवे आणून द्यायचे, हे खजिनदारांनी यादीत लिहून घ्यावं.

प्रेषक: खजिनदार
पडदे पण लिहू का?