हेगच्या कोर्टांचा पीडितांना उपयोग काय?

पिंपळपान:
परवा एका वादात कुणीतरी म्हणालं, "आंतरराष्ट्रीय कोर्टं म्हणजे दुबळ्या देशांतल्या पडेल हुकूमशहांसाठी. बलाढ्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. सगळा पैसा आणि वेळ पाण्यात." हे मनात घर करून राहिलं, कारण त्यातलं निम्मं खरं आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो.

आपण या कोर्टांचा हिशोब पोलिसांसारखा मांडतो: किती पकडले, किती सुटले. पीडितांच्या जागी उभं राहून बघा. त्यांच्यासाठी हा कायदा म्हणजे दार ठोठावायचा हक्क आहे. घरचं दार उघडलं नाही, तर शेजारचं. तेही नाही, तर त्यापुढचं.

आफ्रिकेतल्या चाड देशाचा हुकूमशहा हिसेन हाब्रे १९८२ ते १९९० सत्तेवर होता. त्याच्या राजवटीत सुमारे ४०,००० माणसं मारली गेली, असा चाडच्याच चौकशी आयोगाचा अंदाज. सत्ता गेल्यावर तो सेनेगलला पळाला आणि डाकारमध्ये निवांत राहू लागला. त्याच्या तुरुंगातून जिवंत सुटलेल्यांत सुलेमान गेंगेंग हे हिशेबनीस होते. कोठडीत शेजारची माणसं मरताना बघून त्यांनी ठरवलं होतं की सुटलो तर हे जगापुढे मांडीन. बाहेर आल्यावर त्यांनी शेकडो जणांच्या जबान्या गोळा केल्या आणि वर्षानुवर्षं लपवून ठेवल्या. २००० साली पीडितांनी डाकारच्या कोर्टात तक्रार केली. कोर्ट म्हणालं, आम्हाला अधिकार नाही. ते बेल्जियमला गेले. बेल्जियमने वॉरंट काढलं, सेनेगलने हाब्रेला दिलं नाही. मग बेल्जियम हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात (जिथे देशादेशांतले वाद चालतात) गेलं आणि २० जुलै २०१२ ला निकाल आला: सेनेगलने खटला तरी चालवावा, नाहीतर आरोपी सोपवावा. त्यानंतर आफ्रिकी संघाच्या पाठिंब्याने डाकारमध्ये विशेष कोर्ट बसलं. ३० मे २०१६ ला हाब्रेला जन्मठेप झाली. यात कुणा महासत्तेचं सैन्य नव्हतं, होती ती चिकाटीने जपलेली कागदपत्रं. ही गोष्ट वाया गेली, असं कसं म्हणायचं?

कातळ:
गेंगेंग यांच्याबद्दल आदर आहेच. पण याच गोष्टीचा उरलेला भाग सांगतो. १९९० ते २०१६ म्हणजे २६ वर्षं. तोवर कितीतरी पीडित निकाल न बघताच गेले. ८२ अब्ज सीएफए फ्रँकहून जास्त भरपाईचा आदेश झाला, आणि पुढची कित्येक वर्षं लोकांच्या हातात काही पडलं नाही. हाब्रे २०२१ मध्ये मेला. आणि तो सत्तेत असताना त्याला बळ कुणी दिलं? लिबियाच्या गद्दाफीला आवर घालायचा म्हणून अमेरिकेने आणि फ्रान्सने. त्यांच्यातलं कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं का?

माझा आक्षेप वेगापेक्षा रचनेवर आहे. व्यक्तींवर खटले चालवणारं हेगचं दुसरं कोर्ट, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, २००२ मध्ये सुरू झालं. अमेरिका, रशिया, चीन त्याचे सदस्य नाहीत. तरी सुरक्षा परिषदेत बसून हेच देश ठरवतात की सदस्य नसलेल्या कुठल्या देशाचं प्रकरण त्या कोर्टाकडे जाईल. २००५ मध्ये दार्फूर गेलं, २०११ मध्ये लिबिया गेलं. २०१४ मध्ये सीरियाची पाळी आली तेव्हा रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. जो स्वतः या कायद्याखाली यायला तयार नाही, त्याने दुसऱ्याला त्याच कायद्यापुढे उभं करायचं! आपल्याकडे याला बळी तो कान पिळी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या खटल्यात भारताचे न्या. राधाबिनोद पाल यांनी १९४८ मध्येच वेगळा निकाल लिहून विजेत्यांच्या न्यायावर बोट ठेवलं होतं. तो प्रश्न अजून तसाच आहे.

अबोली:
मी वकील नाही, जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करते, म्हणून माझं लक्ष शिक्षेपेक्षा नोंदीकडे जातं. रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहारासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे झां-पॉल अकायेसू या गावप्रमुखाचा खटला चालला होता. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्ष द्यायला आलेली एक बाई बोलता बोलता आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय झालं ते सांगून गेली. त्या पीठावर एकच स्त्री न्यायाधीश होत्या, नवनीतम पिल्ले. त्या बाईला पुढचे प्रश्न विचारले गेले, आणखी बायका बोलल्या, आणि १९९७ मध्ये आरोपपत्र बदललं. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की एखादा समाज नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हे वंशसंहाराचंच कृत्य आहे.

हे त्याआधी कुठल्याही आंतरराष्ट्रीय कोर्टाने म्हटलं नव्हतं. युद्धात बायकांवर होणारे अत्याचार 'असं होतंच' म्हणून बाजूला टाकले जायचे. एका आईने सांगितलं, कुणीतरी ऐकलं, आणि कायदा बदलला. कातळ, तुमचा सुरक्षा परिषदेचा मुद्दा मला पूर्ण पटतो. पण याच सदोष रचनेतून हेही निघालं, आणि ते आता कुणाला पुसता येणार नाही.

कातळ:
अबोलीताई, अकायेसूचा निकाल मोठा आहे, वाद नाही. पण त्याच रवांडात खरा भार कुणी उचलला? त्या न्यायाधिकरणाने आरोपी केले ९३. गावोगावच्या गाचाचा न्यायसभांनी सुमारे १२ लाख प्रकरणं हाताळली. त्यांत दोष होते, आरोपींना नीट बचावही मिळाला नाही. पण लोकांसमोर, लोकांच्या भाषेत, जिथे घडलं तिथे. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या अत्याचारांसाठी बसलेलं संयुक्त राष्ट्रांच्या मदतीचं कोर्ट १६ वर्षं चाललं, ३० कोटी डॉलरच्या वर खर्च झाला आणि शिक्षा झाली तिघांना. एवढा पैसा घरच्या कोर्टांना, वकिलांना, साक्षीदारांच्या संरक्षणाला दिला असता तर?

दीपमाळ:
एक वेगळी अडचण. युगांडात लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीने मुलं पळवून सैनिक केली, गावंच्या गावं छावण्यांत गेली. तिचा म्होरक्या जोसेफ कोनी याच्यावर २००५ मध्ये फौजदारी न्यायालयाचं वॉरंट निघालं. पुढच्या वर्षी दक्षिण सुदानमधल्या जुबा शहरात शांततेची बोलणी सुरू झाली. तेव्हा उत्तर युगांडातले अचोली समाजाचे धर्मगुरू आणि वडीलधारे सांगत होते की आधी मुलं घरी येऊ द्या, वॉरंट आड येतंय. कोनीने करारावर सही केली नाही. वॉरंट नसतं तर केली असती का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ज्यांची मुलं जंगलात होती त्यांचं म्हणणं हेगमध्ये बसून खोडून काढणं मला तरी जमत नाही.

पिंपळपान:
दीपमाळ, मलाही जमत नाही. अशा ठिकाणी कोर्टाने थांबावं की नाही, याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणेन की बोलणी मोडल्याचा दोष वॉरंटवर टाकताना कोनीने त्याआधी मोडलेली बोलणीही मोजायला हवीत.

कातळ, घरचं कोर्ट की बाहेरचं, अशी निवड करायचीच नसते. फौजदारी न्यायालय ज्या करारातून जन्मलं त्या रोम करारातच लिहिलंय की देश स्वतः प्रामाणिकपणे खटला चालवत असेल तर हेगने हात घालायचा नाही. आणि बाहेरचा निकाल घरचं कुलूप कसं उघडतो ते पेरूत दिसलं. तिथे लष्कराच्या मारेकरी पथकाला सरकारने कायदा करून माफी दिली होती. २००१ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने बारिओस आल्तोस प्रकरणात सांगितलं की अशी माफी कायद्यात टिकतच नाही. पेरूच्या कोर्टांनी बंद फाइली उघडल्या. २००९ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष अल्बेर्तो फुजिमोरी यांना २५ वर्षांची शिक्षा झाली, ती लिमात, पेरूच्याच न्यायाधीशांकडून.

वाटसरू:
फिलिपिन्सही घ्या. २०१९ मध्ये तो देश रोम करारातून बाहेर पडला. सदस्य असतानाच्या काळात अमली पदार्थविरोधी मोहिमेत झालेल्या हत्यांची चौकशी तरी थांबली नाही, आणि मार्च २०२५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते अटक होऊन हेगला पोहोचले.

कातळ:
दुतेर्ते पोहोचले, कारण मनिलातलं राजकारण फिरलं आणि कालचे मित्र शत्रू झाले. नाही फिरलं तर काय होतं? पुतिन यांच्यावर मार्च २०२३ मध्ये वॉरंट निघालं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते मंगोलियाला गेले, जो या कोर्टाचा सदस्य आहे. तिथे त्यांचं स्वागत झालं. नेतान्याहू यांच्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये वॉरंट निघालं, आणि काही महिन्यांत अमेरिकेने कोर्टाच्या मुख्य अभियोक्त्यावरच निर्बंध लादले. गांबियाने रोहिंग्यांसाठी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध दावा लावला, जानेवारी २०२० मध्ये न्यायाधीशांनी एकमताने हंगामी आदेश दिला. पुढच्याच वर्षी म्यानमारच्या लष्कराने सत्ताच बळकावली. लाखो रोहिंग्या बांगलादेशातल्या छावण्यांतच राहिले. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की तुमच्या बाजूने आदेश झालाय?

पिंपळपान:
सांगा, कारण त्यांच्यातल्याच लोकांना साक्ष द्यायची आहे. वॉरंट तामील होण्यासाठी राजकारण फिरावं लागतं, हे अगदी खरं. पण राजकारण फिरतं तेव्हा वॉरंट तयार असावं लागतं. युगोस्लाव्हियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांना २००१ मध्ये सर्बियातल्या नव्या सरकारनेच सोपवलं. बोस्नियातल्या सर्ब सैन्याचा सेनापती म्लादिच १६ वर्षं लपला, २०११ मध्ये सापडला. युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आरोप ठेवले आणि शेवटी त्यांतला एकही फरारी उरला नाही. ज्या दिवशी वॉरंट निघाली त्या दिवशी हे कुणाला शक्य वाटलं असतं?

अबोली:
सीरियाचा विषय नकाराधिकारापाशी सोडू नका. 'सीझर' या टोपणनावाने ओळखला जाणारा लष्करी छायाचित्रकार कोठडीत मेलेल्यांचे फोटो काढायचा. ते हजारो फोटो त्याने २०१३ मध्ये देशाबाहेर आणले. पुढच्याच वर्षी सुरक्षा परिषदेचं दार बंद झालं. पण ते फोटो जर्मनीतल्या कोब्लेन्झच्या कोर्टात पुरावा म्हणून आले. निर्वासित होऊन जर्मनीत आलेल्या सीरियन लोकांनी तिथे साक्षी दिल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये गुप्तचर खात्याचा माजी कर्नल अन्वर रस्लान याला जन्मठेप झाली. सुरक्षा परिषदेला कुणी विचारलंही नाही.

कातळ:
कोब्लेन्झ मान्य. तिथे महासत्तांची परवानगी लागली नाही, म्हणूनच मला ती वाट हेगपेक्षा जास्त पटते. पण त्या एका कर्नलमागे फोटोतली हजारो माणसं आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांची नावं घरच्यांनाही ठाऊक नाहीत. अबोलीताई, तुमच्या कामातलं विचारतो: ते फोटो, गेंगेंग यांच्यासारख्यांनी जपलेल्या जबान्या, हे सगळं पुढच्या २६ वर्षांसाठी नीट कोण सांभाळतंय?

अबोली:
सीरियासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१६ मध्ये एक यंत्रणा उभी केली. तिथे नकाराधिकार चालत नाही. तिला खटला चालवायचा अधिकार नाही. काम एवढंच की पुरावा गोळा करायचा, लावून ठेवायचा आणि ज्या देशाचं कोर्ट मागेल त्याला द्यायचा. म्यानमारसाठी तशीच यंत्रणा २०१८ मध्ये मानवाधिकार परिषदेने नेमली. छावण्यांतल्या लोकांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंत ना? त्यांना सांगा की तुमची जबानी घ्यायला आणि ती जपून ठेवायला माणसं नेमलेली आहेत.