सेल संपतो म्हणजे नेमके काय संपते?

प्रश्न
मी करवीर तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवते. घट (सेल), बल्ब आणि तारांचा परिपथ मुले चटकन जोडतात. परंतु बल्ब थोडी विद्युतधारा खातो आणि उरलेली घटाकडे परत जाते, ही त्यांची समजूत काही केल्या जात नाही. बल्बच्या दोन्ही बाजूंना धारा मोजणारा एकेक अँमीटर जोडला, दोन्ही काटे 0.2 अँपिअरवर थांबले, तेव्हा मागच्या बाकावरून "बाई, दुसरा मीटर बिघडलाय" असे उत्तर आले. धारा कमी होत नसेल तर सेल संपतो कसा, याला आपण वर्गात काय उत्तर देता?

प्रतिसाद 1
मुलांची शंका रास्त आहे, कारण आपल्याकडे धारा, ऊर्जा आणि दिवा या सगळ्यांना 'लाईट'च म्हणतात. मी दहाबारा मुलांना गोल बसवतो आणि टोके गाठलेला दोर सर्वांच्या सैल मुठींतून फिरवतो. एक जण घट होऊन दोर ओढत राहतो, समोरची मुलगी बल्ब होऊन मूठ किंचित आवळते. तिच्या मुठीत जितका दोर शिरतो तितकाच बाहेर पडतो, तरी तळहात तापतो आणि ओढणारा दमतो. दोराचे सरकणे म्हणजे धारा. खर्च होते ती ओढणाऱ्याची, म्हणजे घटातील रसायनांची ऊर्जा. तारेतील इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी सरकत असताना बटण दाबताच दिवा का लागतो, तेही येथेच उलगडते, कारण ओढ लागताच सगळा दोर एकदम हलतो. दोर सुती घ्यावा. नायलॉनने आमच्याकडे एकीचा हात सोलवटला होता.

प्रतिसाद 2
दोन्ही मीटरची अदलाबदल करून दाखवा, आणि त्याआधी प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावा. प्रयोग 1.5 व्होल्टच्या सेलवरच करावेत.

प्रतिसाद 3
ऊर्जेसाठी मी वीजबिल घेतो. 1 युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल; ती सगळी वजन उचलण्यात वापरता आली तर 30 किलोचे 33 गुळाचे रवे (ढेपा) सुमारे 370 मीटर वर, म्हणजे पायथ्यापासून जवळजवळ पन्हाळ्यावर जातील. 1000 वॅटचा हीटर तेवढी ऊर्जा तासाभरात संपवतो, हे ऐकून शेतकऱ्यांची मुले लगेच विहिरीवरच्या 5 एचपी मोटारीचा हिशेब मांडू लागतात.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. सोमवारी आधी मीटर बदलून दाखवते. तो संशय फिटल्याशिवाय मागचा बाक दोराला हात लावणार नाही.