लिबकर्ल (प्रोग्राममधून नेटवरचा डेटा ओढायची सी लायब्ररी): आठ थ्रेडना एकच शेअर हँडल दिलं की प्रोग्राम मधेच पडतो

निपाणी_सी
बाजार समितीचे दर ओढणारा सी प्रोग्राम आहे. आठ थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामं), प्रत्येकाचं वेगळं ईझी हँडल (लिबकर्लमध्ये एकेक ट्रान्सफर चालवणारं ऑब्जेक्ट), सर्व्हर एकच. प्रत्येक थ्रेड नव्यानं डीएनएस विचारतो (सर्व्हरच्या नावावरून पत्ता), नव्यानं टीएलएस हँडशेक (सुरक्षित कनेक्शनआधीची देवाणघेवाण) करतो. पावसात इकडची लाईन मंदावली की सगळा वेळ त्यातच जातो. म्हणून कर्ल_शेअर_इनिटनं शेअर हँडल करून डीएनएस, एसएसएल सेशन (आधीच्या हँडशेकची जपलेली माहिती) आणि कनेक्ट (उघडी कनेक्शनं) तिन्ही सगळ्या थ्रेडमध्ये शेअर केलं, लॉकला एकच म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप). कधी अडकून बसतो, कधी सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून पडणं). शेवटी कर्ल_शेअर_क्लीनअप 'इन यूज' सांगतं ते वेगळंच.

खानापूर_घाट
अडकतो तो म्युटेक्समुळे. लॉक कॉलबॅकला (कुलूप लावायला लिबकर्ल बोलावतं ते आपलं फंक्शन) जो डेटा प्रकार येतो, त्या प्रत्येकाला वेगळं कुलूप लागतं. एका प्रकाराचं धरून ठेवलेलं असताना दुसऱ्याचं मागितलं, तर साधा म्युटेक्स स्वतःचीच वाट बघत बसतो. कर्ल_लॉक_डेटा_लास्ट एवढा म्युटेक्सचा अ‍ॅरे करा, इंडेक्स म्हणून तो प्रकारच वापरा. तीनच करून भागत नाही. शेअर ऑब्जेक्टच्या स्वतःच्या हिशेबासाठीही लिबकर्ल हाच कॉलबॅक बोलावतं.

सेगफॉल्टचा संशय कनेक्टवर. हा पर्याय ७.५७.० पासून आहे खरा, पण एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडमध्ये कनेक्शन शेअर करणं लिबकर्लला चालत नाही, कुलपं कितीही नीट लावा. तो काढा, बाकीचे दोन ठेवा. कर्ल_ग्लोबल_इनिट थ्रेड सुरू व्हायच्या आधी एकदाच, आणि प्रत्येक हँडलवर नोसिग्नल (लिबकर्लला सिग्नल वापरू न देणारा पर्याय) १.

शहापूर_माग
'इन यूज' म्हणजे एखादं ईझी हँडल अजून जोडलेलं आहे. आधी थ्रेड जॉइन (ते संपेपर्यंत थांबणं), मग प्रत्येकाचं ईझी क्लीनअप, सगळ्यात शेवटी शेअर क्लीनअप. हँडल जोडल्यावर कर्ल_शेअर_सेटऑप्टही हाच कोड देतं. तो तपासलाच नाही तर लॉकफंक (लॉक कॉलबॅक नेमायचा पर्याय) लागलंच नाही हे कळणार कसं?

निपाणी_सी
कनेक्ट काढलं, पडायचं थांबलं. पण आठ हँडशेक होणारच की!

खानापूर_घाट
होणार. शेअर केलेल्या सेशननं पुढचा हँडशेक आखूड होतो, टळत नाही. त्यातही आठही एकदम सुटले तर कॅशमध्ये सेशनच नसतं; आधी एक विनंती पूर्ण होऊ द्या, मग बाकीचे सोडा. आणि दर विनंतीला ईझी क्लीनअप करत असाल तर ते बंद करा. कर्ल_ईझी_रीसेटनं पर्याय पुसले जातात, उघडं कनेक्शन तसंच राहतं.

शहापूर_माग
मुळात थ्रेड कशाला हवेत? दर ओढण्यात सीपीयूला काम ते काय! एकाच थ्रेडमध्ये मल्टी हँडल (अनेक ईझी हँडल एकत्र चालवणारं) घ्या, कर्ल_मल्टी_पोलवर फिरवा. त्यातल्या हँडलांना कनेक्शन पूल आणि डीएनएस कॅश आपोआप सामाईक मिळते, कुलपांची कटकटच नाही. मॅक्स_होस्ट_कनेक्शन्स (एका सर्व्हरला जास्तीत जास्त कनेक्शनं) २ ठेवा. सर्व्हर एचटीटीपी/२ (एकाच कनेक्शनवर एकदम अनेक विनंत्या चालवणारा प्रोटोकॉल) बोलत असेल तर पाइपवेट १ करा, म्हणजे नवं कनेक्शन उघडण्याऐवजी चालू असलेल्यावरच विनंत्या जातील. ट्रान्सफर संपल्यावर कर्लइन्फो_नम_कनेक्ट्स बघा: ० आला तर जुनंच कनेक्शन वापरलं गेलं.