मदत हवी आहे : करणीचे सरळ रूप पूर्ण कसे करून घ्यावे?

नमस्कार. माझी भाची यंदा नववीत असून ‘वास्तव संख्या’ या प्रकरणातील करणी (√२ सारखी, पूर्ण न सुटणारी मुळे) मी तिला घरी शिकवत आहे. √९८ − √५० चे उत्तर तिने आधी √४८ लिहिले होते; √१६ + √९ म्हणजे ४ + ३ = ७, पण √२५ म्हणजे ५, हे वहीत शेजारी-शेजारी मांडून दाखवल्यावर तिला ७√२ − ५√२ = २√२ पटले. (मला शाळेत हे असे कोणी दाखवले नव्हते!)

खरी अडचण पुढे आहे. √७२ मध्ये ती ४ × १८ असे अवयव पाडून २√१८ वरच थांबते आणि १८ मध्ये ९ हा पूर्ण वर्ग अजून दडलेला आहे, हे तिच्या लक्षात येत नाही. मूळ अवयव पाडून जोड्या लावल्या की ६√२ बिनचूक येते, मात्र वेळ फार जातो. ३६ × २ थेट सुचले तर काम एका ओळीत होते, पण ते सुचत नाही. सुरुवातीला कोणत्या पद्धतीवर भर द्यावा, आणि √५८८ सारख्या उदाहरणात १९६ हा वर्ग अवयव मुलांना चटकन दिसावा म्हणून कोणता सराव करून घ्यावा, हे अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावे.