वंशावळीतली जुनी चूक दुरुस्त करायची आहे, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. आमच्या छापील वंशावळीत खापरपणजोबा 1854 साली, म्हणजे नागपूरचं राज्य खालसा झालं त्याच वर्षी वारले असं लिहिलंय. सगळे तेच उतरवत आले. पण त्यांच्या धाकट्या मुलाच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्म 1871 चा! बहुतेक आजोबा आणि नातू एकाच नावाचे, म्हणून दोघांचा एक माणूस झाला. काकांना मूळ कागद पाहिल्याशिवाय पटणार नाही, आणि ते रास्तच आहे. गाव उमरेड तालुक्यात. जुन्या कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या) नकलेसाठी अर्ज तहसीलच्या रेकॉर्ड रूमला करायचा की जिल्हाधिकारी कार्यालयात? घरचं एक खरेदीखत मोडीत आहे, शाई पसरलेली, नावापुढचा ‘वल्द’ (म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’) तेवढा वाचता येतो. नागपुरात मोडी नीट वाचणारं कोणी आहे का?