प्लास्टरमुळे घरात अडकलेल्या वडिलांचा दिवस कसा आखावा? (ठाणे, ११ वा मजला)

उपवनवाट यांचा प्रश्न:

नमस्कार. वडील ६८ वर्षांचे. उजव्या पायाच्या नडगीचं हाड मोडलंय, प्लास्टर आहे. सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, असं ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी बजावलंय. वॉकर घेऊन बाथरूम आणि बाल्कनीपर्यंत जातात, तेवढंच. आम्ही वसंत विहारला ११ व्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पश्चिमेला, येऊरच्या जंगलाच्या बाजूला आहे.

एरवी सकाळी उपवन तलावाला फेरी आणि तिथल्या मित्रांशी गप्पा, यावरच त्यांचा सगळा दिवस उभा असायचा. आता सकाळपासून टीव्हीवर बातम्या, दुपारी तीन-तीन तास झोप आणि रात्री टक्क जागे. बोलणं कमी झालंय, चिडचिड वाढलीय. "मन रमवा", "सकारात्मक राहा" असं सगळे सांगतात, पण म्हणजे नेमकं किती वाजता काय करायचं, हे कुणी सांगत नाही. घरात आई आहे. मी आणि बायको दोघंही नोकरीला. बाहेर जुलैचा पाऊस. जाणकारांनी कृपया तपशिलात सांगावं.

---

दिनक्रम:

दादा, मन लागलं की काहीतरी करतील याची वाट पाहू नका. पडून राहिलं की मन खचतं आणि खचलं की आणखी पडून राहावंसं वाटतं. हा फेरा मनाच्या बाजूने तुटत नाही, हातांच्या बाजूने तुटतो. मानसोपचारात याच तत्त्वावर बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची पद्धत उभी आहे. १९७० च्या दशकात पीटर ल्युइन्सन यांनी ती मांडली आणि आजही नैराश्यात ती वापरतात. घरी तिचा साधा अवतार पुरतो.

दिवसाला दोन खुंट्या ठोका. पहिली म्हणजे उठण्याची वेळ, समजा ६:३०. रात्र कशीही गेली तरी ती बदलायची नाही. दुसरी म्हणजे उठल्यावर तासाभरात बाल्कनीत निदान अर्धा तास. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं. ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो, तर पावसाळी आभाळाखालीसुद्धा काही हजार लक्स मिळतो. तुमच्याकडे सकाळी थेट ऊन येणार नाही, पण आभाळाचा उजेड पुरे. फक्त खुर्ची कठड्याजवळ हवी. तीच दीड-दोन मीटर आत सरकवली की उजेड एकदम घटतो, आणि पाऊस आला की बहुतेक घरांत खुर्ची आत जाते ती जातेच. पाय खाली लोंबता नको, सूज येते. समोर स्टूल, त्यावर उशी, त्यावर पाय.

या दोन खुंट्यांनंतर दिवसभरात रोज तीनच कामं धरा: एक हातांचं, एक माणसांशी जोडलेलं, एक निव्वळ आवडीचं. पहिल्याच दिवशी दहा गोष्टींचा तक्ता भिंतीला लावू नका. त्यातल्या सात राहतात आणि "आपल्याच्याने काही होत नाही" याचा पुरावा तयार होतो. काम इतकं बारीक ठरवा की झालं की नाही यावर वाद होऊ नये. "वाचन करा" असं म्हणू नका. "चार वाजता, चहाबरोबर, पाच पानं" असं ठरवा. तीन दिवस ओळीने करायचं राहिलं तर वेळ बदलू नका, काम निम्मं करा: अडीच पानं.

रात्री आठला पाच मिनिटं वहीत नोंद: काय केलं, आनंद ० ते १० पैकी किती, आणि "जमलं" असं ० ते १० पैकी किती वाटलं. हे दोन आकडे वेगळे ठेवण्याला कारण आहे. मन खालावलेलं असताना आनंदाचा आकडा बरेच दिवस दोन-तीनवरच अडकतो, पण "जमलं"चा आकडा बहुधा आधी हलतो. तो दिसला नाही तर माणूस "काही फरक नाही" म्हणून सोडून देतो. नोंद त्यांच्या हाताने, त्यांच्या अक्षरात. तुम्ही तपासायची नाही.

---

ओट्यापासून:

हातांच्या कामाबद्दल. ते काम घराला खरंच लागणारं असावं. वेळ घालवायला दिलेलं काम काकांना लगेच कळेल आणि तो अपमान वाटेल. लसूण सोलणं, मेथी-पालक निवडणं, शेंगदाणे भाजल्यावर सालं काढून पाखडणं, आईंच्या देवघरासाठी वाती वळणं ही सगळी बसून होतात, अर्ध्या तासात संपतात आणि शेवटी ताटलीत दिसतात. वेळ स्वयंपाकाला जोडा. साडेदहाला निवडलेली भाजी साडेअकराला कढईत गेली पाहिजे. ती दोन दिवस फ्रिजमध्ये पडून राहिली तर काम खोटं ठरतं. आणि एक पथ्य: त्यांनी निवडलेली भाजी त्यांच्यासमोर कुणी पुन्हा निवडायची नाही, चार काड्या राहिल्या तरी चालतील.

बिलं भरणं, सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, किराण्याची यादी हीसुद्धा त्यांच्याकडेच राहू द्या. आजारी माणसाच्या हातातून मायेपोटी सगळं काढून घेतलं की त्याला घरात पाहुण्यासारखं वाटू लागतं.

---

उपवनवाट:

दोघांचेही आभार. रिमोट काढून घेतला की भांडण होतं, त्याचं काय करू? आणि रात्री झोप येत नसेल तर अंथरुणातून उठून बसावं असं वाचलंय. ते करायला सांगू का?

---

दिनक्रम:

रिमोट काढू नका. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७, अर्धा-अर्धा तास बातम्या, हे त्यांच्याशी बोलून ठरवा. मधल्या वेळी टीव्ही बंद करायच्या आधी पर्याय हातात असला पाहिजे. सहसा उलटं होतं: टीव्ही बंद, मग "आता काय करता?" असा प्रश्न. त्या रिकाम्या दोन मिनिटांत तो परत लागतो. घरात आवाज हवा असेल तर रेडिओ चालेल. आकाशवाणीवर कार्यक्रम संपतो आणि दुसरा विषय सुरू होतो, वृत्तवाहिनीवर एकच दृश्य दिवसभर फिरत राहतं. मोबाइलच्या बातम्यांच्या सूचनाही बंद करा, त्या विसरल्या जातात.

झोपेचं: तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. २० मिनिटांच्या आसपास झोप लागली नाही तर पलंग सोडायचा, म्हणजे पलंग आणि जागरण यांची सांगड तुटते. पण तुमच्या वडिलांना हे जसंच्या तसं सांगू नका. अंधारात, अर्धवट झोपेत, एका पायावर वॉकर घेऊन उठणं म्हणजे दुसरं फ्रॅक्चर ओढवून घेणं. त्यांनी पाठीला दोन उशा लावून बसावं, मंद पिवळा दिवा लावावा, बारीक आवाजात रेडिओ किंवा आधी वाचलेलं पुस्तक, आणि डोळे जड झाले की आडवं व्हावं. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा, फरशी कोरडी. पावसाळ्यात ओल्या पायपुसण्यावरून वॉकर सरकतो.

दिवसा त्या पलंगावर पाठ टेकायची नाही, बैठक हॉलमध्ये. दुपारची झोप तीनच्या आत, गजर लावून २५-३० मिनिटं. एकदम तीन तासांवरून अर्ध्या तासावर आणलं तर चिडतील, म्हणून दर दोन दिवसांनी अर्धा तास कमी करा. चार वाजल्यानंतर चहा नको. कॅफिनचा निम्मा भाग उतरायला साधारण पाच तास लागतात, आणि पाचचा कप साडेदहालाही जवळपास निम्मा शिल्लक असतो. दुखण्यामुळे जाग येत असेल तर मात्र हे सगळे उपाय फुकट. वेदनाशामक गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून झोपेशी जुळवून घ्या.

---

गच्चीतला_वाफा:

आवडीच्या कामात मेथी धरा. कुंडीत गुलाब लावून दोन महिने वाट पाहायची ही वेळ नव्हे, चार दिवसांत काहीतरी दिसलं पाहिजे.

साहित्य: साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा, १० सेंटिमीटर खोल ट्रे. भाजीचा प्लास्टिक क्रेट आत वर्तमानपत्र घालूनही चालेल. तळाला पेन्सिलीएवढी सहा-आठ भोकं. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. बी म्हणजे स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे, साधारण दोन टीस्पून, आठ तास भिजवलेले. माती आधी ओली करायची, दाणे एकेक सेंटिमीटर अंतराने पसरायचे, वर अर्धा सेंटिमीटर मातीचा थर, हाताने हलकं दाबायचं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कोंब वर येतात. १२ ते १५ दिवसांत बाजारात समुद्र मेथी म्हणून छोट्या जुड्या मिळतात तेवढी होते. मुळासकट उपटा, धुवा, आमटीत घाला. पहिल्या ट्रेनंतर पाच दिवसांनी दुसरा पेरा, म्हणजे रोज बघण्यासारखं काहीतरी राहतं.

पावसाळ्यात हमखास होतं ते असं: रोप चांगलं दोन इंच वाढतं आणि एका सकाळी मातीलगत मऊ पडून आडवं झालेलं दिसतं. ही बुरशी आहे. दाणे मुठीने दाट टाकले, माती सतत ओली राहिली आणि हवा खेळली नाही की ती येते. म्हणून पाणी वेळापत्रकाने घालू नका. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच अर्धी वाटी. आणि पाणी घालणारा माणूस एकच, म्हणजे वडील. आईंनीही मायेने घातलं की ट्रे सडला. तुमच्या बाल्कनीवर नैऋत्येचा पाऊस आत मारत असेल, तेव्हा ट्रे कठड्यापासून मीटरभर आत, टेबलावर, बसल्या हाताला लागेल अशा ७० सेंटिमीटर उंचीवर. ग्रिलबाहेर किंवा कठड्यावर काहीही ठेवू नका, ११ व्या मजल्यावरून पडलं तर खाली माणसं आहेत. ट्रेखालच्या ताटलीतलं पाणी दर दोन दिवसांनी फेका. डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात.

कोथिंबिरीने सुरुवात करू नका. धणे दोन फाकांत फोडून लावले तरी आठ-बारा दिवस मातीच दिसते. रोज उघड्या मातीकडे बघणं उमेद खचवणारं असतं.

---

नेरुळची_खाडी:

सकाळच्या अर्ध्या तासात पक्ष्यांची नोंद घाला, उजेडात बसायला कारण मिळतं. नोव्हेंबर ते मे असता तर ठाणे खाडीवर रोहित पक्षी बघायचं सुचवलं असतं, पण जुलैत येऊर तुमच्या समोर आहे, ते काही कमी नाही. रोज तीच वेळ, तोच एक झाडाचा शेंडा किंवा आभाळाचा तुकडा, १५ मिनिटं. नाव, संख्या, काय करत होता. बुलबुल, दयाळ, साळुंकी, शिंजीर, पोपट, घार एवढे ओळखले तरी वही भरते. पावशाचा आवाज तर पहाटेच ऐकू येईल. नाव माहीत नसेल तर साळुंकीपेक्षा मोठा की लहान, चोच सरळ की वाकडी, शेपूट लांब की आखूड, एवढं लिहून ठेवायचं. संध्याकाळी उपवनच्या मित्राला फोन करून विचारायचं. म्हणजे फोनला विषयही मिळाला.

फोनबद्दल आणखी एक. मित्रांना सांगून ठेवा, "कसं वाटतंय?" असं विचारू नका. त्यावर "ठीक" एवढंच उत्तर येतं. त्यांना जे येतं ते विचारा: नळाचा वॉशर कोणत्या मापाचा, पीएफचा फॉर्म कसा भरायचा. फोन रोज ठरलेल्या वेळी, त्यांच्या जुन्या फेरीच्या वेळेला असेल तर उत्तम. फेरी संपल्यावर त्या घोळक्यातूनच व्हिडिओ कॉल केला तर पाच मिनिटं सगळेच भेटतात.

---

मंद_श्वास:

चिडचिडीसाठी दोन गोष्टी. संध्याकाळी साडेपाचला १५ मिनिटं "काळजीची वेळ". दिवसभरात आलेली काळजी चिठ्ठीवर एका ओळीत लिहायची आणि "साडेपाचला बघू" म्हणून बाजूला ठेवायची. त्या वेळी चिठ्ठ्यांचे दोन भाग करायचे: काही करता येण्यासारख्या आणि नसलेल्या. "पाय पूर्वीसारखा होईल ना?" ही चिठ्ठी "पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारणे" अशी पहिल्या भागात जाते. पलंगावर बसून आणि रात्री आठनंतर हे करू नये.

दुसरी: नाकाने चार आकड्यांत श्वास, सहा आकड्यांत सोडणं, पाच मिनिटं, रोखून धरायचं नाही. जोर लावून खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. मग लोक घाबरून सोडतात. पोट हललं पाहिजे, खांदे नाही. हातांसाठी अर्धा लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या, बसूनच वर-खाली दहा वेळा, दोन फेऱ्या. पायाचे व्यायाम फक्त फिजिओथेरपिस्टने दाखवलेले.

आणि आईंना रोज एक तास घराबाहेर पाठवा, भजनाला, मंडईत, कुठेही. ऑफिसमधून कोण आधी येणार त्यावर वेळ ठरवा. त्या थकल्या की हा सगळा दिनक्रम कोसळेल.

---

नौपाडा_बाह्यरुग्ण:

वरचं सगळं योग्य आहे, पण मर्यादा सांगायला हवी. दोन आठवडे बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ उदासी असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, जेवण आणि झोप बिघडलेली असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. वयस्कर पुरुष "उदास वाटतं" असं क्वचित म्हणतात. चिडणं, अंग दुखतंय म्हणणं, "मी ओझं झालोय" असं बोलणं, या रूपात ते दिसतं. थायरॉइड, बी १२ आणि सोडियम तपासून घ्या, त्यांच्या कमी-जास्तीनेही माणूस असाच मंदावतो. एका-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागले, वेळ-काळ चुकायला लागला, तर ते नैराश्य समजू नका. संसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर. जगण्यात अर्थ नाही असं बोलले तर स्पष्ट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, साठवलेल्या गोळ्या बाजूला करा आणि त्याच दिवशी दाखवा.

फोनवर बोलायचं तर टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची मानसिक आरोग्य सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून, मोफत, २४ तास, मराठीत. तुम्ही स्वतः फोन करून वडिलांबद्दल विचारलंत तरी चालतं. ठाण्यातच मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालयही, जिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून घरी परत येता येतं. दाखवायला जाताना सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि वरती सांगितलेली ती रोजच्या नोंदींची वही बरोबर न्या. झोपेचे तास त्यात लिहिलेले असतील तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.